आमच्या साडूंचा सेकंड

इंग्रजीतला एकच शब्द घेऊन अख्खा संसार रेटणारा माणूस आमच्या साडूंखेरीज पृथ्वीवर दुसरा नसावा. तो शब्द म्हणजे ‘सेकंड’. आळेफाट्याला त्यांचं गॅरेज आहे. गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते बॉनेटखालूनच सांगतात, “एक सेकंड, भाऊ.” नवखा माणूस उभा राहतो. माहीतगार समोर मिसळ खातो, पेपर वाचतो, नारायणगावचं एखादं काम उरकून येतो, तरी साडूंचा सेकंड चालूच असतो. घरातला फ्रीज, सोफा, डोक्यावरचं हेल्मेट, सगळं सेकंड. नवी वस्तू घेणं म्हणजे दुसऱ्यासाठी ती बिघडवून ठेवणं, असं त्यांचं मत. बाजारात टोमॅटोच्या फर्स्ट मालाकडे ते ढुंकून बघत नाहीत. “फर्स्ट नुसता दिसायला. कालवण करावं तर सेकंडचंच!”

आणि गाडी सेकंड गियरवर. एकदा त्यांच्याबरोबर माळशेज घाट चढलो. पेंढ्यानं लादलेल्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं आणि वर ड्रायव्हरनं विचारलं, “ढकलू का, राव?” साडूंनी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं. “फर्स्ट लई आरडतो, थर्डला दम न्हाई,” एवढंच मला म्हणाले.

एका गोष्टीला मात्र त्यांनी हा शब्द कधी लावला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं त्यांच्याशी झालेलं लग्न हे तिचं दुसरं. पहिल्या घरातून ती तान्ही मुलगी घेऊन माहेरी परतली होती. ती मुलगी साडूंच्याच खांद्यावर वाढली. गेल्या वर्षी तिची सुपारी फुटायची होती. घोडेगावची मंडळी आली, पोहे झाले, आणि मुलाच्या चुलत्यानं बशी खाली ठेवत खडा टाकला, “पावणं, तुमी सख्खे बाप न्हाई म्हनं पोरीचे. सेकंड का?”

मेहुणीचा चेहरा उतरला. जमलेलं लग्न मोडतंय की काय, असं मलाही वाटलं. साडूंनी चहाचा घोट संपवला.

“व्हय, मी सेकंड,” ते म्हणाले. “फर्स्टवर गाडी नुसती हालती, पावणं. घाट चढवायला सेकंडच लागतो.”

मुलाचा बाप आधी हसला, मग चुलताही हसला, आणि सुपारी फुटली. या माणसाच्या गॅरेजात मी तासन् तास वैतागलोय, पण त्या दिवशी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

लग्न झालं. पाठवणीला मुलगी गाडीत बसली, तेव्हा साडू खिडकीशी वाकून म्हणाले, “एक सेकंड.” आम्ही सवयीनं टेकायला खुर्च्या शोधू लागलो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि गाडीला वाट दिली. उभ्या जन्मात त्यांचा तो एकच सेकंड खरोखर सेकंडाएवढा निघाला.