समासातली नावं

“पास कर नाहीतर रिजेक्ट कर, पण चारच्या आत डिलिव्हरी गेली पाहिजे,” आमचे मॅनेजर म्हणाले. मी दोन्ही केलं नाही.

ऐरोलीतली आमची कंपनी जुनी पुस्तकं स्कॅन करून देते. मी क्वालिटी चेक बघते, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेते. स्वभावाला मानवतं. स्कॅननंतर क्लीन-अप होतं: सॉफ्टवेअर डाग आणि हाताची अक्षरं पुसून छापील मजकूर तेवढा ठेवतं.

काम एका ग्रंथालयाचं होतं. यादीत एकोणिसाव्या शतकातला एक नाटककार ‘क’ वर्गात होता. ‘क’ म्हणजे नमुन्याला एक नाटक स्कॅन, बाकीची अकरा तशीच परत. त्याच्या काळात त्याच्या खेळांना गर्दी लोटायची. पुढच्या शतकात समीक्षकांनी त्याला गावंढळ ठरवलं, पाठ्यपुस्तकांनी वगळलं. आता कोणी वाचत नाही म्हणून ‘क’.

स्कॅनिंग ऑपरेटर हरेश जवळच्याच तळवली गावचा. सहसा बोलत नाही. त्या दिवशी माझ्या स्क्रीनपाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, समासातली नावं कुठं गेली? त्यान माजे बापाचं नाव होतं.”

मी क्लीन-अपच्या आधीची फाइल उघडली. समास पेन्सिलीने भरलेले. कोण कुठली भूमिका करणार, कोणी कधी यायचं, काय गाळायचं. अक्षरं निदान तीन पिढ्यांची.

“पालखीला आमचे गावान हाच नाटक करतान,” हरेश म्हणाला. “जुना झाला म्हनून पुस्तक ग्रंथालयाला दिला. वाचत कोन नाय, पन पाठ सगल्यांना हाय.”

पुसायची सेटिंग मीच लावली होती. मला माझीच लाज वाटली. मी डिलिव्हरी थांबवली आणि ग्रंथालयाच्या संपादक बाईंना फोन लावला.

“पेन्सिलीच्या खुणांचा आम्हाला उपयोग नाही हो,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, हा नाटककार कोणी वाचत नाही, बरोबर आहे. पण तळवलीत पालखीला लोक त्याला अजून रंगमंचावर उभा करतात. पानं पाठवते, बघून मग सांगा.”

तासाभराने त्यांचाच फोन आला. “यंदाची पालखी कधी आहे?”

नाटककार ‘अ’ वर्गात गेला. बाराही नाटकं स्कॅन झाली, समासांसकट. उशीर माझ्या नावावर लागला. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला इतका अभिमान दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

हरेशच्या वडिलांचं नाव आता साइटवर कुणालाही दिसतं, नायिकेच्या सासूच्या भूमिकेसमोर. हरेशने त्यांना मोबाइलवर दाखवलं, तेव्हा त्यांनी सासूचं पहिलं वाक्य उभ्या उभ्या म्हणून दाखवलं.

मळलेलं पान खराबच असतं असं नाही, हे आमच्या चेकलिस्टमध्ये नव्हतं. आता आहे, पहिल्या नंबरवर.