समुद्राची खातरजमा

माझ्या साडूंचा ज्याच्यावर पुरता विश्वास बसला आहे अशी एकही वस्तू, एकही बातमी आणि एकही माणूस या पृथ्वीवर नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं, तर "कोनाले इचारून लेहलं?" असं ते मलाच विचारतील. रिसोडच्या स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर 'वाशीम' अशी ठसठशीत पाटी असली, तरी ते आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला विचारतात, आणि दोघांनीही वाशीमच सांगितलं की आत चढून खिडकीशी बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारतात, "बाई, तुमी कुठी चालल्या?" एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "काका, पाटी दिसत नाई का?" साडू शांतपणे म्हणाले, "पाटी कालची असू शकते बाप्पा. हे बाई आजची आहे." लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं भाजीचा घास गिळून पुन्हा हात घातल्याशिवाय ते ताटाला बोट लावत नाहीत. डॉक्टरनं रक्तदाब तपासला की समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडून परत तपासून घेतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोघेही अडाणी ठरतात, आणि जुळले तर त्यांना वाटतं, या दोघांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे.

अर्थात यात सगळा दोष त्यांचा नाही, त्यांच्या धंद्याचाही आहे. रिसोडच्या बाजारात त्यांची शेतमालाची अडत. शेतकऱ्यानं आणलेल्या पोत्याच्या तोंडाशी टपोरं, पिवळंधमक सोयाबीन असतं आणि खाली काय असतं ते पोतं भरणाऱ्यालाच ठाऊक. नवखा व्यापारी वरची मूठ उचलून भाव बोलतो. आमचे साडू पोतं आडवं पाडून बुडाशी परखी खुपसतात. परखी म्हणजे आतलं धान्य बाहेर ओढणारी ती टोकदार पन्हळी सळई. "वरचा माल दाखवाले असते मास्तर," असं त्यांनी मला कितीदा तरी समजावलं आहे. धंद्यातली ही रीत त्यांनी तिथंच ठेवली असती तर बिचाऱ्या माणसांची सुटका झाली असती. पण ते माणसांनाही बुडाकडूनच तपासतात. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा बैठकीत मुलीचे काका तिच्या गुणांचं वर्णन करत होते आणि नवरदेव पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून मागच्या दाराशी शेण थापणाऱ्या शेजारणीला विचारत होते, "पोरीले राग येते का?" ती म्हणाली, "येते, पन टिकत नाई." एवढ्यावर लग्न ठरलं. पुढं त्यांच्या धाकट्या मेहुणीसाठी माझं स्थळ आलं, तेव्हा कारंज्याला येऊन ते माझ्या मुख्याध्यापकांना भेटलेच नाहीत. शाळेसमोरच्या पंक्चरवाल्याला त्यांनी विचारलं, "मास्तर हवा भराले पंप सोता मारते का तुले मारा लावते?" तो म्हणाला, सोता मारते. माझ्या संसाराचा पाया हा असा सायकलच्या पंपावर उभा आहे.

ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची बायको, या माणसाबरोबर इतकी वर्षं हसत राहिल्या. त्यांनी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. त्यांना समुद्र पाहायचा होता. टीव्हीवर समुद्र दिसला की पोळी तव्यावर टाकून त्या बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "हे पलीकडला काठ काहून दाखवत नाई हो?" दर वर्षी हंगाम आडवा येई आणि समुद्र पुढच्या वर्षावर जाई. पण त्या वर्षी अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. औषधानं वेग कमी करता येईल, पण गेलेली नजर परत येणार नाही. साडूंनी सवयीप्रमाणे आणखी दोन डॉक्टर गाठले. त्यांनीही तेच सांगितलं. या खेपेस मात्र तिघांचं संगनमत असावं असं ते म्हणाले नाहीत. घरी येऊन माझ्या बायकोला फोन केला, "होळी-धुयवड झाली का समुद्रावर जाऊ. तुमी दोघंई चाला." ऐन हरभऱ्याच्या आवकीत धाकट्या भावाच्या भरवशावर दुकान टाकून जायला ते तयार झाले, तेव्हाच आम्हाला कळलं की प्रकरण किती मनाला लागलं आहे.

कोकणातलं एक घरगुती लॉज ठरलं, अकोल्याहून रेल्वेची तिकिटं निघाली, ताईंनी डबाभर चकल्या तळल्या, आणि नेमका तेव्हाच तो चीनमधला विषाणू आपल्या राज्यात येऊन पोचला. जायचं की राहायचं, या एका प्रश्नाभोवती रिसोड आणि कारंज्यामधले फोन गरम झाले. दोघी बहिणी म्हणत, वाळूवर बसायला कुणाच्या अंगाला अंग लावावं लागत नाही. मी सकाळी जाऊ म्हणे आणि पेपर वाचून झाला की राहू म्हणे. साडूंच्या शंकेखोरपणाला मात्र पहिल्यांदाच सरकारमान्य विषय मिळाला होता. पुण्याहून कुणाचा मुलगा आला असं कळलं की ते ती गल्लीच सोडून देत. लॉजच्या मालकाला त्यांनी फोन केला. तो म्हणाला, इकडे काही नाही, खुशाल या. "मालक त असंच म्हनन," असं म्हणून त्यांनी त्याच्याकडूनच चादरी धुणाऱ्या बाईचा नंबर मिळवला. तिला विचारलं, हल्ली चादरी किती येतात, कुठल्या पाहुण्यांच्या येतात, उशीच्या खोळीला औषधाचा वास येतो का. ती बिचारी सगळं सांगत गेली आणि शेवटी घाबरून म्हणाली, "तुम्ही पोलिसातले का?"

मीही सुटलो नाही. फोनवर बोलताना मला एकदा शिंक आली. पलीकडून लगेच प्रश्न आला. "हे काय होतं?" म्हटलं, शिंक. "कायची?" म्हटलं, फोडणीची. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं माझ्या बायकोचा फोन वाजला आणि तिकडून अगदी सहज आवाजात चौकशी झाली, "आज भाजी कायची केली व? मिरची टाकली होती का?" बायकोनं हो म्हटलं म्हणून माझं तिकीट वाचलं. एवढं सगळं झाल्यावर एक दिवस त्यांनी निकाल दिला, "जाऊ. रुमाल बांधू, घरचं खाऊ, गर्दीत घुसनार नाई. पन जाऊ." माझ्या बायकोनं आनंदानं शेजारीपाजारी सांगून टाकलं. इतक्या तपासातून पास झालेली सहल म्हणजे जगातली सर्वांत सुरक्षित सहल, असं मलाही वाटलं.

आणि निघायच्या दोन दिवस आधी साडूंचा फोन आला: जाणं रद्द. कारण काय, तर लॉजच्या मालकाचा आवाज बसलेला वाटला! बायकोनं माझ्या हातातला फोन घेतला आणि थोरल्या भावोजींना जे बोलू नये ते सगळं बोलली. बहिणीची नजर चालली आहे, आज दिसतं ते उद्या दिसणार नाही, आणि तुम्ही कुणाच्या घशावरून तिचा समुद्र बुडवता? तिकडून फक्त "होय" आणि "बरोबर आहे" एवढंच येत राहिलं. मला मात्र राहवलं नाही. माणसानं संशय घ्यावा, पण त्याला काही ताळतंत्र! दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनंच एसटीत बसलो आणि रिसोडला त्यांच्या दारात उभा राहिलो.

साडू ओसरीवरच बसले होते. बाजार भरलेला असताना हा माणूस घरी? "कंबर धरली," ते म्हणाले. मी वर चढायला लागलो तर त्यांनी हात आडवा केला आणि मला अंगणातल्या कडुनिंबाखाली लांब खुर्ची टाकून दिली. मी चिडून म्हणालो, "आता माह्यावरही संशय आहे का तुमचा?" आतून मिक्सरचा घर्र आवाज आला. बोट ओठांवर ठेवून ते म्हणाले, "आयका."

"काय आयकू? मिक्सर आहे."

"सकायपासून कितवी खेप असन ते इचारा. कालपासून दयनं चालू आहे, अन् ताटात चटनी नाई."

मी कान दिला. मिक्सरच्या आवाजाखाली दाबलेला, कोरडा, लांबलेला खोकला होता. तो थांबला, मग मिक्सर थांबला. जरा वेळानं ताई दारात आल्या. चेहरा लाल, डोक्यावरून पदर, आणि ओठांवर तेच नेहमीचं हसू. "सांगा ना तुमीच यायले," साडूंकडे बोट दाखवून त्या मला लांबूनच म्हणाल्या, "मालकाचा आवाज बसला म्हून कोनी तिकीट वापस करते का?" एवढं बोलून त्या लगबगीनं आत गेल्या आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

मी म्हटलं, "मंग 'तुले खोकला आहे म्हून राह्यलं', हे सरळ सांगत काहून नाई तिले?"

"कायले?" ते आवाज खाली घेऊन म्हणाले. "माह्यापायी राह्यलं, असं तिच्या मनात बसन. डोये चालले, अन् वरून हे. त्यापक्षा माह्यावर चिडली त बरं आहे. तिचा राग टिकत नाई." मग म्हणाले, "अन् गावाले समजलं त लोक दारासमोरून जानार नाईत. मले त सारे शक्की म्हनतेच. अजून थोडं म्हनतीन. तुमी कोनाले सांगू नोका. तिच्या बहिनीलेही नाई." डॉक्टरला त्यांनी फोनवर विचारलं होतं, औषध आणलं होतं, आणि काढ्याच्या नावाखाली ते कालपासून तिच्या हातात देत होते. ज्या माणसानं मला शिंकेचा हिशेब मागितला होता, त्यानं बायकोच्या खोकल्याबद्दल बायकोला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी कडुनिंबाखालूनच परत फिरलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, ऐकत नाही तो माणूस. ती पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तो खोकला त्याच रोगाचा होता की साधा, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. ताई बऱ्या झाल्या. पण लगेच सगळा देशच बंद झाला, आणि लोक म्हणू लागले, रिसोडच्या काकांना आधीच वास आला होता! साडूंना हे कौतुक अजिबात आवडायचं नाही. बंद उठला, पुन्हा लागला. मग लसी आल्या, मग घरातली आजारपणं आली. समुद्र मागं पडत राहिला आणि ताईंची नजर आत आत येत गेली. एकदा बाजारात हरभऱ्याच्या ढिगाशी बसून ते मला एकदम म्हणाले, "मास्तर, तवा गेलो असतो त तिले पुरा दिसला असता." मी म्हटलं, गाडीभर माणसांना खोकला देऊन आला असतात. "ते बरोबरच आहे," ते म्हणाले, "पन दिसला असता."

यंदा पुन्हा शहरात कसलासा ताप पसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि नेमका तेव्हाच साडूंचा फोन आला: तिकिटं काढली आहेत. आता शंका काढायची पाळी माझी होती. म्हटलं, तिकडची परिस्थिती काय आहे, लॉज कसं आहे, कुणाला विचारलंत का? "नाई इचारलं," ते म्हणाले. "इचारलं त पुन्हा राहून जाईन. कोनाले खोकला नाई ना? मंग चाला." आम्ही चौघं तोंडं बांधून निघालो. गाडीत साडूंनी सहप्रवाशाला गाडी कुठं जाते हेसुद्धा विचारलं नाही. या गोष्टीनं मला जरा काळजीच वाटली.

दुपार कलताना आम्ही वाळूवर उतरलो. ताईंनी चपला काढून हातात घेतल्या. लाटेचं पाणी पायाला लागलं तशा त्या दचकल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. नजर आता इतकी आखडली होती की मनगटावरच्या बांगडीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसायचं. साडू त्यांच्या मागं उभे राहिले आणि दोन्ही खांदे धरून त्यांना हळूहळू वळवू लागले. आधी डावीकडचा खडक, मग एक नाव, मग नुसतं पाणी, आणखी पाणी. समुद्र त्या असा तुकड्यातुकड्यानं पाहत होत्या. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. मलाही तिच्याकडे पाहवेना, म्हणून मी साडूंकडे पाहत राहिलो.

"बाकीचाई असाच आहे का हो?" ताईंनी विचारलं.

"असाच आहे."

"पाह्यला ना तुमी नीट?"

"पाह्यला," साडू म्हणाले. त्यांनी तोवर समुद्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते खांद्यावरून वाकून ताईंच्या तोंडाकडे बघत होते.