पाठीमागे उभं राहणारं माणूस

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे हार्नेस बनतात. हार्नेस म्हणजे गाडीच्या दिव्यांपासून काचांपर्यंत वीज पोचवणाऱ्या तारांचा जुडगा. हे काम बहुतेक बायकाच करतात. त्यांना लाइनवर पाठवण्याआधी शिकवायची एक खोली आहे आणि ती गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

नव्या तुकडीचा पहिला तास पेगबोर्डचा असतो. भोकं पाडलेली फळी आणि वाटीभर धातूच्या खुंट्या. घड्याळ लावायचं आणि खुंट्या भोकांत बसवायच्या. ज्यांचे हात भरभर चालतात त्या पुढच्या रांगेत, ज्यांच्या हातून खुंट्या सांडतात त्या शेवटच्या. शेवटच्या रांगेची शनिवारी परीक्षा होते. त्यात नाही जमलं, तर ती बाई ठेकेदाराकडे परत जाते.

लाइनचे सुपरवायझर लातूरकडचे आहेत. पेगबोर्डवर त्यांचा फार विश्वास. "मॅडम, डोकं आईच्या पोटातूनच येतंय," ते मला म्हणायचे. "भांडं घासून चकचकीत होईल. मोठं कसं होईल, सांगा की."

मला ते पटायचं नाही, कारण मी स्वतः शेवटच्या बाकावरची. आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मला चौथीपर्यंत हातच्याची वजाबाकी येत नव्हती. चौथीला ज्या बाई आल्या, त्या मधल्या सुट्टीत मला वर्गात थांबवायच्या. मी गणित मांडायचे आणि त्या माझ्या मागे उभ्या राहायच्या, खांद्यावर हात ठेवून. काही बोलायच्या नाहीत. चुकलं की हात नुसता थोडा जड व्हायचा, मी खोडायचे आणि पुन्हा मांडायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. त्या बाईंनी मला तेव्हा मागे सोडलं असतं, तर आज मी कुठे असते याचा विचारही नको वाटतो. शिकवायला लागल्यापासून मीही तसंच करत आले. जी मागे पडते, तिच्या पाठीशी जाऊन उभी राहते.

यंदाच्या तुकडीत शेवटच्या रांगेत एक ताई होत्या. जवळच्याच गावच्या, शेतकरी घरातल्या. वयानं माझ्याहून मोठ्या. त्यांनी दोन वर्षं याच कंपनीत हाऊसकीपिंगमध्ये काढली होती. माझ्या खोलीची फरशीही त्याच पुसायच्या. लाइनवर जायचं म्हणून त्यांनी ठेकेदाराच्या मागे लागून लागून नाव घालून घेतलं होतं. वयाच्या अटीमुळे त्यांना पुढच्या तुकडीत येता येणार नव्हतं. "आत्ता न्हाई जमलं, तर मग झाडूच हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

जुन्या मैत्रिणी काचेच्या दाराबाहेर फरशी पुसता पुसता थांबायच्या.

"काय गं, झालीस का इंजिनेर?"

"व्हय. तू गाडी घे आधी, दिवे मी लावून देते."

बोलण्यात त्यांना कोणी हरवू शकत नव्हतं. पण बोर्डासमोर आल्या की त्यांचं वेगळंच व्हायचं.

आमचा बोर्ड फळ्यासारखा तिरका उभा असतो. त्यावर तारांची वाट काढलेली असते. तार त्या वाटेनं न्यायची, टोक कनेक्टरच्या ठरलेल्या भोकात बसवायचं, बारीक 'टक' ऐकू आलं की हलकंच ओढून बघायचं आणि पुढची तार घ्यायची. ताई तार बसवायच्या, ओढायच्या आणि पुन्हा ओढायच्या. मग बसलेली तार काढून शेजारच्या भोकाशी न्यायच्या, थांबायच्या, परत पहिल्या भोकाशी यायच्या. मी मागे जाऊन उभी राहिले की हे जास्तच व्हायचं. मला वाटलं, अजून सराव हवा. मी जास्त वेळ उभी राहू लागले. एकदा, माझ्या बाईंसारखा, खांद्यावर हात ठेवला. ताई अशा दचकल्या की तारांचा गठ्ठा खाली पडला.

"सोडा मॅडम," दारातून बघणारे सुपरवायझर हळू आवाजात म्हणाले. "तुमचा जीव तुटायलाय, पण तिथं काही नाही."

त्या दिवशी मी कँटीनमध्ये ताईंच्या समोर डबा घेऊन बसले. काय होतंय ते सरळ विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

"तुमी मागं आला की माझी मान आपसूक आत जाती."

"का पण?"

"शाळेत मास्तर मागनं यायचे. चप्पल वाजायची थांबली की समजायचं, आता बसणार. बरोबर असलं तरी वाटायचं, चुकलंच असंल. मग खोडायची. सातवीला सोडलीच शाळा." त्यांनी घास घेतला. "मास्तर म्हणायचे, ही ढ हाय. आमच्या आईला बी तेच वाटायचं. मला बी."

मी डब्याचं झाकण लावलं. मी इतके दिवस ज्या जागेवर उभी होते, ती माझ्या बाईंची जागा आहे असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे गेले नाही. बाजूला स्टूल टाकून बसले, काहीबाही विचारत राहिले. ताईंचा हात सुधारला. सगळा नाही, पण तार काढून परत बसवणं जवळजवळ थांबलं. वेळ मात्र जेमतेम बसत होता. आणि शनिवारी परीक्षा घेणार होते सुपरवायझर, ताईंच्या मागे उभं राहून, हातात घड्याळ घेऊन.

शुक्रवारी मी सुपरवायझरांना विनंती केली की तुम्हीही बाजूला बसा.

"बाजूनं काय दिसणार? हात झाकतो सगळं. आणि लाइनवर काय करायचं? तिथं मी मागूनच फिरतो, मॅनेजर मागूनच फिरतात, गाडीवाल्या कंपनीचे ऑडिटर येतात ते पण मागूनच. तिथं सगळ्यांना स्टुलं देणार का तुम्ही?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी ताईंना तसंच सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

शनिवारी माझी बस मोशीच्या सिग्नलला अडकली आणि मी पोचले तेव्हा सगळे उभे होते. ताईंनी तारा मांडून घेतल्या होत्या. हात कोरडे करायला त्या लाइनच्या नव्या ॲप्रनला पुसत होत्या, पुन्हा पुसत होत्या. काचेबाहेर हाऊसकीपिंगच्या तिघीचौघी जमल्या होत्या.

सुपरवायझर ताईंच्या मागे गेले. त्यांचे बूट थांबले. ताईंची मान आत गेली. मला ती जाताना दिसली.

मग त्या न वळता म्हणाल्या, "सर, एक सांगू का? उभं राहा, पण बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय बी. जेवलात का इचारा. गप मात्र राहू नका."

सुपरवायझरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी घड्याळ दाबलं, घसा साफ केला आणि परेडला उभं राहिल्यासारखं बोलायला लागले. सकाळी पोहे खाल्ले, तेल जास्त होतं. गावाकडं पाण्याची बोंब आहे. पोरगं आठवीला आहे, क्लास लावलाय, गणित काही डोक्यात शिरेना.

ताईंचे हात चालत होते. टक, ओढ, पुढची तार.

"मारता का त्याला?" त्यांनी बोर्डाकडे बघतच विचारलं.

सुपरवायझर थांबले. खोली एकदम शांत झाली आणि ताईंचा हात हवेत अडकला. तार भोकाच्या तोंडाशी. मी स्टुलाची कड धरली.

"बोला की," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"मारलं. एकदा," ते म्हणाले. "म्हणजे, दोनदा तरी."

टक.

"मग आता?"

"आता मी विचारलं की नुसता बघत बसतो. यायलेलं पण सांगत नाही." मग ते बोलतच सुटले. पोराला क्रिकेटमधले आकडे कसे तोंडपाठ आहेत, बायको कशी चिडते, शाळेची बाई काय म्हणाली. ताई मधे मधे "व्हय" म्हणत होत्या. शेवटची तार बसली, टेप गुंडाळली गेली, ताईंनी हात वर केला. सुपरवायझर बोलतच होते. त्यांनी खाली बघितलं तेव्हा घड्याळ चालूच होतं.

हार्नेस तपासणीला लावला, सगळे दिवे लागले. काम बरोबर होतं. पण लागलेला वेळ कोणाकडेच नव्हता आणि वेळेशिवाय पास करता येत नाही.

"माझी चूक आहे," सुपरवायझर म्हणाले. "पण असं लिहिता येत नाही मला."

"परत करते," ताई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "तुमी तेवढं बोला."

या वेळी घड्याळ मी धरलं. सुपरवायझर पुन्हा मागे उभे राहिले. आता त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते लातूर ते चाकण रस्त्यावर कुठे कुठे जेवण चांगलं मिळतं ते सांगू लागले. मध्यावर एक तार ताईंनी काढली. त्या एका श्वासापुरत्या थांबल्या आणि ती त्याच भोकात परत बसवली. काटा ठरलेल्या खुणेकडे सरकत होता. हात वर आला तेव्हा थोडी जागा शिल्लक होती, अगदी थोडी. मी आकडा वाचून दाखवला. तपासणीचे दिवे एकेक करून लागत गेले. शेवटचाही लागला.

सुपरवायझरांनी कागदावर सही केली आणि माझ्याजवळ आले.

"बघा मॅडम, ह्या आठवड्यात काही डोकं उगवलं नाही त्यांना. होतंच ते. म्हणजे माझंच खरं झालं."

"होतं, तर मग पेगबोर्डला का नाही दिसलं?" मी विचारलं.

ते थोडे हसले. जे होतं ते किती पोटातून आलेलं, किती शाळेनं बुजवलेलं आणि किती या आठवड्यात मोकळं झालेलं, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. आजही येत नाही.

ताई तारांचे तुकडे गोळा करून टेबल पुसत होत्या. दोन वर्षांची सवय. मग त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"मॅडम, हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराला तुमी सांगता का, मी येणार न्हाई म्हणून?"

"तुम्हीच सांगा ना ताई."

"मीच?" त्यांनी ॲप्रन काढला, घडी घातली, पुन्हा उलगडून अंगावर चढवला. "हाच घालून सांगते," म्हणाल्या आणि काचेचं दार ढकलून बाहेरच्या बायकांमधून वाट काढत ठेकेदाराच्या केबिनकडे गेल्या.