"अंग बाहेर येतंय, मॅडम!"

भिंगारला मी डॉक्टर होते, त्या बायकांच्या दवाखान्यातले किस्से एका चहात संपायचे नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाळंतपणं आणि डोक्यावरची ओझी यांनी ओटीपोटाचे स्नायू सैल पडलेल्या, गर्भपिशवी खाली सरकून 'अंग बाहेर' येणाऱ्या बायका यायच्या. वर्षानुवर्षं लपवलेलं दुखणं! पण एकदा बोलायला लागल्या, की मी आणि गायकवाड सिस्टर हसून बेजार!

*

आमचे कंपाउंडर काका कानानं अधू. एक बाई लाजत त्यांना म्हणाल्या, "अंग बाहेर येतंय."

काकांनी ऐकलं, "अंग दुखतंय." बामची डबी पुढे केली. "दोन वेळा चोळा!"

बाईंनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. "कुठं चोळू, ते बी सांगा!"

*

शनिशिंगणापूरच्या मावशींना ऑपरेशन नको होतं. मग पिशवीला आधार म्हणून आत रिंग बसवली. मावशी उठल्या, चालल्या, मुद्दाम खोकून पाहिलं. सगळं जागच्या जागी!

"आमच्या गावात घरालासुदिक दार न्हाई," त्या खूश होऊन म्हणाल्या, "अन् तुमी मलाच बसवलं की वो!"

*

स्नायूंचा व्यायाम सिस्टर शिकवायच्या. "एस.टी.त बसलाय, जोराची लागलीय, स्टँड लांब आहे. आवळा! दहा मोजेपर्यंत सोडायचं नाही!"

बाकावर सहा जणी, ओठ मिटून, डोळे ताणून. तेवढ्यात एकीचे मालक आत डोकावले.

"सगळ्याच रुसल्यात का काय?"

आधी कोण हसलं माहीत नाही, पण सातापर्यंतसुद्धा कुणी पोचलं नाही!

*

एकदा मी पुण्याच्या कॉन्फरन्सहून भारावून आले. "सिस्टर, पुढे पेशंटच्याच मूळ पेशी घेऊन लॅबमध्ये वाढवणार, आणि त्यांचा पडदा आत आधाराला बसवणार!"

"म्हणजे विरजण लावल्यासारखं?"

"साधारण तसंच."

सिस्टर गंभीर झाल्या. "मॅडम, आपल्याकडं लाइट जाते. नासेल!"

*

आणि पुणतांब्याच्या गयाबाई! बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बसवत नाही म्हणून लग्नकार्याला जाणंही सोडलेलं. ऑपरेशन छान झालं. मी मालकांना बजावलं, "तीन महिने यांनी हंडा उचलायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. चूल तुमच्याकडे!"

मालकांनी मान डोलावली.

तीन महिन्यांनी दोघं आले. मालक बाहेर बसले. पडद्याआड मी तपासलं आणि आनंदानं ओरडलेच, "गयाबाई, एकदम बऱ्या झालात!"

त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला की! अजून तीन महिने लिवा. त्यांची भाकरी आत्ता कुठं गोल व्हाया लागलीय!"