टीव्हीत न मावलेली आत्या

आमच्या गया आत्याला मी आजवर दोनदा कापलं. दोन्ही वेळा हत्यार एकच होतं, घरातला जुना कॉम्प्युटर!

पहिल्या वेळी निमित्त होतं माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं लग्न. पत्रिका मी टाइप केली होती. निमंत्रकांच्या यादीत चौदा नावं, त्यात शेवटून दुसरं आत्याचं. पत्रिका छापून आली तेव्हा नावं तेराच होती. (छापखानेवाला म्हणाला, "तुमच्या फाइलीतच नव्हतं." मी म्हणाले, "होतं!" मग फाइल उघडून पाहिली. नव्हतं!) आत्या लग्नाला आली, वधूवरांवर फुलं टाकली, आणि पंगतीला न बसता सोनपेठच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर चार वर्षं तिनं परभणीच्या आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही एकुलती एक बहीण. तिचं नाव निघालं की ते उगीच चष्मा पुसायला घ्यायचे. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मिलिंदनं विचारलं, "दादा, काय पायजे तुमाला?" दादा म्हणाले, "गयाला आणा."

मग मी आणि मिलिंद सोनपेठला गेलो, पाया पडलो, साडी ठेवली. आत्यानं तासभर आमच्याकडं पाठ करून शेंगा फोडल्या. शेवटी म्हणाली, "येते. पर एक गोष्ट वाकडी झाली तर तीनची गाडी धरते. मंग मला आडवायचं न्हाई."

आता मी गप्प बसायला काय हरकत होती? पण जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण असल्यामुळं आणि एकदा आठ दिवसांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेतल्यामुळं घरात मी तज्ज्ञ! मी जाहीर केलं, "दादांचे सगळे जुने फोटो टीव्हीवर दाखवू."

फोटो आईच्या पेटीत होते. दादा एस.टी.त कंडक्टर. त्यांच्या जोडीदार ड्रायव्हर काकांकडं कॅमेरा होता, त्यामुळं आमच्या घरातला प्रत्येक फोटो एस.टी.समोर काढलेला आहे. जयंतीला गावी निघालो, गाडीसमोर फोटो. नवे कपडे शिवले, गाडीसमोर फोटो. स्टुडिओवाल्याकडून ते सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले.

अडचण होती ती कॉम्प्युटरची. तो इतका म्हातारा झाला होता की सुरू करून चहा ठेवला, चहा पिऊन कपबशा विसळल्या, तरी ह्याचं चक्र फिरतच असायचं. मिलिंद भंगारात द्या म्हणत होता. मी व्हिडिओ बघून बघून त्याच्यावर एक फुकटची हलकी प्रणाली चढवली. तिच्यात पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा जो मॅनेजर असतो, तो अगदीच साधा. नेहमीच्या कॉम्प्युटरमधला मॅनेजर म्हणजे लग्नातला कर्ता पुरुष, न सांगता सगळीकडं धावणारा. हा आमचा म्हणजे रोजंदारीचा गडी. सांगाल तेवढंच करणार, आणि उद्या पुन्हा सांगावं लागणार!

"ताई, बिघडला की गं हा," राखाडी पडदा बघून मिलिंद म्हणाला. "घड्याळ न्हाई, चित्रं न्हाई, काईच न्हाई."

"हलकाय तो."

"एवढा हलका की आत काईच न्हाई?"

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. पडद्याचं माप बदलायचं म्हटलं तरी ह्या मॅनेजरला बटण नव्हतं. काळ्या चौकटीत हातानं ओळ टाइप करायची, आणि कॉम्प्युटर बंद झाला की तो ती विसरायचा. कायम लक्षात राहावी म्हणून ती सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवावी लागते. हे मला माहीत होतं. सगळ्या आज्ञा मी एका वहीत उतरवल्या होत्या. फाइलीचं मात्र म्हटलं, करू सावकाश.

कार्यक्रमाच्या दिवशी कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही बाहेर बैठकीत, आणि मधल्या खिडकीच्या गजांतून लांब वायर. आत मी माझ्या मॉनिटरसमोर ऐटीत. बाहेर दादा नव्या शर्टात, शेजारी गया आत्या, आई, शेजारच्या काकू आणि गल्लीतली मंडळी. दुपारचा एक वाजला होता. फोटो झाले की जेवणं. मी पहिला फोटो लावला.

बाहेर दादा मोजायला लागले. (तीस-बत्तीस वर्षं गाडीत डोकी मोजल्यामुळं ते पंगतसुद्धा मोजतात.) "एक, दोन, तीन, चार, पाच... प्रज्ञे, दोन कमी हायत गं!"

मी मॉनिटर बघितला. सगळे होते. "पुरे हायत की, दादा!"

मनात म्हटलं, पंचाहत्तरीला चालायचंच. पण तेवढ्यात आत्याचा आवाज आला. "मी कुठाय?"

"ही काय, उजव्या कडंला! निळं लुगडं नेसलेली!"

"कुठं हाय निळं लुगडं? हितं तुझी माय हाय, अन् तिला बी पाय न्हाईत."

"अगं बया! माझे पाय कुठं गेले?" आई ओरडली.

मला वाटलं, बिनचष्म्याची मंडळी. मी दुसरा फोटो लावला. "आता दिसायलीस का?"

"न्हाई."

"दोन कमी," दादा म्हणाले.

तिसरा लावला. "आता?"

मग आत्या अगदी हळू बोलली. "पत्रिकेत न्हाई, फोटूत बी न्हाई. माणसाकून एकदा चुकतंय, प्रज्ञे. दोनदा चुकत न्हाई."

मी धावत बाहेर आले आणि टीव्ही बघितला. आत्या खरंच नव्हती! आई होती तिथं टीव्ही संपत होता. दिसायला तो टीव्ही दांडगा, पण जुना. माझ्या मॉनिटरच्या मापाचं चित्र त्याला झेपत नव्हतं. त्यानं डावीकडून जेवढं मावलं तेवढं घेतलं, उजवीकडचं आणि खालचं सोडून दिलं. आणि आत्या एकूण एक फोटोत उजव्या कडेला!

"आत्या, तू आत हायस! आतल्या टीव्हीत! म्हंजे मॉनिटरवर..."

"हां. मला आत ठिवलंय अन् चार मान्सांत बाकीचे."

मी आत पळाले, वही काढली, दोन्ही पडद्यांना एकच लहान माप दिलं. बाहेरून मिलिंद ओरडला, "आली! आत्या आली!" मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच क्षणी लाईट गेली.

इन्व्हर्टरवर पंखे आणि टीव्ही आहे. कॉम्प्युटर नाही. (ही वायरिंगसुद्धा माझ्याच सल्ल्यानं झाली होती.) दहा मिनिटांनी लाईट आली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि आमचा रोजंदारीचा गडी मघाशी सांगितलेलं सगळं विसरून कामाला लागला. पुन्हा फोटो, पुन्हा आई शेवटची, पुन्हा दादांचं "दोन कमी". आत्यानं पिशवी खांद्याला अडकवली.

घाईत मी वहीतली ओळ टाइप केली. बाहेर एकच गलका झाला! मी एक ओळ चुकवून खालची लिहिली होती, ती होती चित्र आडवं करायची. टीव्हीवर दादा भिंतीला पाय लावून झोपले होते आणि त्यांच्या मागं एस.टी. एका कुशीवर. गल्लीतली सगळी मंडळी माना खांद्याला टेकवून बघत होती.

"गाडी पलटी केली हिनं!" दादा उभेच राहिले. "आख्ख्या सर्विसात माझी गाडी एकदा बी पलटी झाली न्हाई, अन् आज माझ्या वाढदिवसाला केलीस व्हय?"

मी दुरुस्त करायला गेले तर चाकं वर झाली. काकू म्हणाल्या, "बंद करा बाई, मला चक्कर यायलीय."

आत्या चपला घालायला उठली. दादा तिच्या मागं दारापर्यंत गेले. "गया, जेवून तरी जा गं." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. हात दाराच्या चौकटीवर होता. मला रडूच यायला लागलं. चार वर्षांनी आलेली बहीण माझ्या एका ओळीपायी उपाशी निघाली होती.

चित्र कसंबसं सरळ झालं, पण माप पुन्हा पहिलंच. तेवढ्यात आत्या तरातरा आतल्या खोलीत आली. बहुतेक जाता जाता मला चार शब्द ऐकवायचे होते. पण तिची नजर मॉनिटरवर पडली.

"ही तर मी हाय!"

"तेच तर कवाधरनं सांगायलेय, आत्या!"

"मंग तिकडं का न्हाई?"

"हे बघ, पडदे दोन हायत. दोघांची मापं येगळी. कॉम्प्युटर ह्याला विचारून चित्र करायलाय, अन् त्याला..."

"दोन घरचा पाहुणा उपाशी," आत्या म्हणाली. "यातलं एक उपट."

"आत्या, असं नसतंय. ह्याला आज्ञा द्यावी लागते, त्याच्यासाठी..."

आत्यानं हात घातला आणि मॉनिटरची वायर उपटली. मग बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला, रेडिओ बिघडल्यावर करतात तसा. मी डोळे मिटले. गड्यानं इकडं तिकडं पाहिलं असावं. एकच पडदा दिसला. त्याचं त्याला माप विचारलं आणि चित्र नीट मांडलं. माझ्या वहीत त्रेचाळीस आज्ञा होत्या. आत्यानं एक वायर काढली.

मी चाचपडत फोटो पुन्हा लावला, आणि मॉनिटर मेल्यामुळं मलाही आता बाहेर येऊनच बघावं लागलं. एस.टी.समोर सगळे उभे. आईला पाय आले होते. आणि उजव्या कडेला निळ्या लुगड्यातली, काळ्याभोर केसांची, तरणीताठी गया आत्या, अर्धी बाहेर झुकलेली. तिनं एका सहा-सात वर्षांच्या पोरीचं मनगट करकचून धरलं होतं. पोरीच्या पायात एकच चप्पल, आणि तोंड इतकं वासलेलं की पडजीभ दिसावी.

दादांनी बोट फिरवत मोजलं. "चार, पाच. अन् एक फुल, एक हाफ. आता बरूबर."

"हे रडकं लेकरू कोणाचं वो?" काकूंनी विचारलं.

"ही काय, कॉम्प्युटरवाली!" आत्या म्हणाली.

मी थिजलेच. सकाळपासून मी मॉनिटरवर त्या पोरीला बघत होते आणि मला वाटत होतं, ड्रायव्हर काकांची असेल! आत्या नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं गेलं. मी नाही हे एका कंडक्टरशिवाय कुणालाही कळलं नव्हतं, मलासुद्धा!

एकेक फोटो पुढं सरकला. प्रत्येकात तेच. आत्या कडेला, आणि तिच्या मुठीत मी.

"समदे मधी ऐटीत उभे राहायचे," आत्या काकूंना सांगत होती. "अन् हिला धरायला मी कडंला. सुटली की गाडीखाली जाऊन बसायची. चार-चार मानसं लागायची काढायला. बारशाला नाव मीच ठिवलं, प्रज्ञा. तवा काय म्हाईत, अशी निघंल म्हून!"

सगळे हसले. मी हसता हसता पदर डोळ्यांना लावला. जिनं मला एकाही फोटोतून सुटू दिलं नव्हतं, तिला मी पत्रिकेतून सोडलं होतं. "आत्या, चुकलं माझं," मी म्हणाले. तिनं खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. तीनची गाडी गेली. दादांनी तिच्या ताटात स्वतः वाढलं.

आत्या चार दिवस राहिली. ती मापाची ओळ मी त्याच दिवशी सुरुवातीच्या फाइलीत लिहून टाकली आणि वर आठवण म्हणून तिचं नाव लिहिलं. ह्या वेळी दोनदा तपासून.

तिला सोडायला मी आणि दादा सोनपेठच्या गाडीत बसलो. आत्या कडेच्या सीटवर, मी खिडकीशी. दादांनी पंचाहत्तरीचं कार्ड ऐटीत दाखवलं, त्यांचा प्रवास आता फुकट. कंडक्टर आमच्याकडं वळला.

"एक फुल, एक हाफ," आत्या म्हणाली.

तो हसला. "आजी, आता बायांना हाफच हाय. तुमाला बी अन् ह्या म्याडमला बी."

"आसं व्हय?" आत्यानं माझं शेहेचाळीस वर्षांचं मनगट घट्ट धरून विचार केला. "मंग हिचं हाफचं हाफ कर."