उंदरांनी नापास केलेली गोळी

रिपोर्ट पाहिला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कौसल्याबाईंच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला. त्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते आयएनआर या तपासणीत कळतं. बाईंचं रक्त गोळी न घेणाऱ्या माणसासारखं गोठत होतं. कधीही गुठळी होऊन लकवा मारला असता.

"गोळी बंद केली का?"

"हाव," त्यांचे यजमान नामदेवराव म्हणाले. मेहकरकडचे शेतकरी.

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तुमीच तं सांगतलं, उंदराचं औषध हाय म्हणून."

सांगितलं होतं खरं. मला खोडच आहे ती. मागच्या वेळी नामदेवरावांना रंगवून सांगितलं: परदेशात बुरशी आलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावानं मेल्या. त्या चाऱ्यातल्या विषाचा शोध घेता घेता उंदीर मारायचं औषध निघालं, आणि शेवटी तेच माणसाच्या कामी आलं. ते मान डोलवत होते. मला वाटलं, काय झकास समजावतो आपण! डोस मापात असला की विषाचंच औषध होतं, एवढं सांगायचं राहिलं. बाहेर पेशंटची रांग होती ना.

"मग गोळ्या कुठं आहेत?"

"सोयाबीनच्या पोत्याईमांगं टाकल्या. एक उंदीर मेला नाही! जे उंदराले मारत नाही, ते बायकोले काय वाचवन?"



इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. नशीब, गुठळी नव्हती. पण गोळीचा असर यायला काही दिवस लागतात. तोवर रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. सिस्टरनं सिरिंज भरली, तशी कौसल्याबाई पहिल्यांदा बोलल्या.

"हे कायचं बनते?"

आली का पंचाईत! हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. हे दोघंही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. सिस्टर डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बसा. पण खोटं बोलून सुई टोचायची, हे मला जमेना. सांगून टाकलं. इंजेक्शन नाही घेतलं तर काय होईल, तेही सांगितलं.

नामदेवराव उठलेच. "चाल व घरी."

बाई हलल्या नाहीत. "बसा तुमी. दरसाल डुकरं आपला मका फस्त करतेत. त्याईच्याकडून काही तं वापस येऊ द्या. टोचा वो सिस्टर."

आता त्या दर महिन्याला येतात, आयएनआर ठीक असतो. माझी खोड काही गेली नाही. फक्त औषधाची गोष्ट आता मी शेवटपर्यंत सांगतो. आणि यजमानांना नाही, ज्यांना गोळी गिळायची असते त्यांना सांगतो.