बारा सह्यांचा एक कागद

१७ मार्च १९७७. विषय दरमहा ११२ रुपयांचा. हजर: निवृत्तिवेतन समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य, समितीचा हिशेबनीस म्हणून मी, आणि दीड महिन्यापूर्वी निवृत्त झालेले निघोज्याचे एक फायरमन. त्यांना बसायला खुर्ची नव्हती. मी माझी दिली, ती त्यांनी घेतली नाही.

त्यांना फंडाची एकरकमी रक्कम नको होती, महिन्याचं पेन्शन हवं होतं. कारण त्यांनी सरळ सांगितलं. घरात दोघे भाऊ टेम्पो घ्यायला टपलेले. "एकदम पैका दिसला का गेला म्हनून समजा. म्हैन्याला आला तर बायकोच्या हातात ऱ्हाईल."

अडचण नियमाची होती, आणि तो मसुदा माझाच. फंड सोडून पेन्शन घ्यायचं असेल, तर प्रत्येकाने तीन महिन्यांत स्वतंत्र अर्ज द्यावा. न दिल्यास तो फंडातच राहील. बंबखान्यात बारा फॉर्म पाठवले होते. परत आला एक. पुढच्या बाजूला मजकूर, मागे बारा सह्या, त्यातले तीन अंगठे. बूट आणि रेनकोट ते असेच एका कागदावर घेत.

तो कागद मुदतीच्या आठ दिवस आधी माझ्या टेबलावर आला. मी त्रुटी काढली, पत्र लिहिलं, जावक क्रमांक टाकला आणि टपालात दिलं. पत्र मुदत संपल्यावर पोचलं. बंबखाना सायकलवर दहा मिनिटांवर होता.

हे मी बैठकीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "नियम तर स्पष्ट आहे ना? स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र."

"साहेब, आगीवर आमी एकटं जातो व्हय?" फायरमन म्हणाले. "एका पाइपाला चौघं धरतो. सही तेवढी सुटी सुटी?"

एक सदस्य हसले. "भाऊ, पेन्शन काय पाइपानं सोडायचंय?"

"सोडा की. गळका असला तरी चालंल."

सगळे हसले, आणि नियमात दुरुस्ती करायचं ठरलं. मला वाटलं, दोन महिन्यांचं काम.

लागले बावीस महिने. तीन बैठका सदस्य कमी म्हणून रद्द झाल्या. एकदा मसुदा वरच्या कार्यालयातून परत आला, कारण प्रती चारऐवजी तीन होत्या. मधल्या काळात फंडाचा चेक तयार होता. तो घेतला तर दावा संपला, म्हणून फायरमन घेईनात. दर महिन्याला यायचे, दाराशी उभे राहून विचारायचे, "झालं का राव?" मी त्यांना रहाटणीच्या माझ्या घरीही बोलावून समजावलं. चहा प्यायले आणि म्हणाले, "थांबतो."

अखेर दुरुस्ती मंजूर झाली. एकत्रित अर्ज ग्राह्य. मात्र दुरुस्तीच्या तारखेला सेवेत असलेल्यांनाच. अकरा जण त्यात बसले. बारावे नाहीत, आणि सगळी फाइल त्यांच्यामुळे उघडली होती.

मी अध्यक्षांकडे गेलो. एका माणसाचा प्रश्न आहे, वर्षाला १,३४४ रुपये, एवढा आकडा कागदावर मांडून नेला.

"एकाला मागून आत घेतलं, तर उद्या दहा येतील," ते म्हणाले.

"दहा नाहीतच. मी नोंदी तपासल्या आहेत. एकच आहे."

"हिशेबनीस, तुम्ही मसुदा लिहिता का वकिली करता?"

मी लेखी हरकत नोंदवली. तिला उत्तर आलं नाही.

जानेवारी १९७९ मध्ये फायरमन चेक घ्यायला आले. त्यांचे दोघे भाऊ बाहेर टपरीवर थांबले होते. मी पावती पुढे केली. त्यांनी सही केली, एकट्याची, आणि विचारलं, "आता बराबर हाय?"

मी हो म्हणालो. त्यांना दिले ९,२१४ रुपये ६० पैसे. चेक तयार असताना नेला नाही, म्हणून बावीस महिन्यांचं व्याज काही नाही. अध्यक्ष आणि दोन्ही सदस्यांना बैठकांचा प्रवासभत्ता मिळून ६४० रुपये, तोही मीच काढून दिला.